धावत धावत जुनं नाशिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी पहाटे आम्ही काही जण पाहुण्यांना, आणि नाशिककरांनासुद्धा, गोदाकाठ आणि जुनं गाव धावत दाखवतो. येण्याआधी लोक साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान रामकुंडाबद्दलचा आणि पावसाळ्याबद्दलचा प्रश्न तरी वाचून या.

ही शर्यत आहे की सहल?

शर्यत नाही. वेळ मोजत नाही, पदक नाही, छातीवर नंबर नाही. एक वाटाड्या पुढे असतो, एक सगळ्यांच्या मागे. पाच-सात मिनिटं धावायचं, थांबायचं, समोर जे आहे त्याची गोष्ट ऐकायची, श्वास बसला की पुन्हा निघायचं.

धावतच का, हेही लोक विचारतात. जुन्या नाशिकचे बोळ गाडीतून दिसत नाहीत, कारण गाडी आत जातच नाही. चालत निघालात तर पंचवटी, तपोवन आणि गावठाण मिळून अख्खी सकाळ जाते आणि दहानंतर गर्दीत काही दिसत नाही. आणखी एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय, असं आपण लहानपणापासून ऐकतो. जुनी गढी, म्हसरूळ टेक, डिंगर अळी ही नावं रोजच्या बोलण्यातली, पण त्यांत टेकडी कुठे आहे हे स्कूटरवरून कळत नाही. नदीपासून वर गावात धावत चढा, पोटऱ्या सांगतील.

अंतर किती, वेग किती?

लहान फेरी साधारण ५ किलोमीटरची, मोठी ९ ची. मोठीत तपोवन येतं. वेग किलोमीटरला आठ ते नऊ मिनिटं, म्हणजे शेजारच्याशी बोलता येईल इतकाच. थांबे धरून लहान फेरीला सव्वा तास, मोठीला दोन तास धरा. उन्हाळ्यात साडेपाचला निघतो, थंडीत सव्वासहाला.

मार्ग कसा आहे?

सुरुवात यशवंतराव महाराज पटांगणावरून. वसंत व्याख्यानमालेमुळे ही जागा प्रत्येक नाशिककराला ठाऊक असते. तिथे दहा मिनिटं अंग मोकळं करतो. मग पात्रातल्या लहान पुलावरून पलीकडे, नारोशंकराच्या मंदिरापाशी. तिथून रामकुंड आणि कपालेश्वर. कपालेश्वरासमोर नंदी नाही, हे बाहेरगावच्या माणसाच्या लक्षात येतंच असं नाही, म्हणून आम्ही आधी काही सांगत नाही. लोकांना स्वतःला ओळखू देतो.

पुढे शनी चौकातून काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि तिथले वड. मोठ्या फेरीवाले इथून तपोवनाकडे, कपिला आणि गोदावरीच्या संगमापर्यंत जाऊन येतात. परतताना सगळे गाडगे महाराज पुलावरून दिल्ली दरवाजाकडे येतात आणि खरा चढ सुरू होतो. सराफ बाजार, पेशवेकालीन सरकारवाडा, तिवंधा, तांबट लेन, रविवार कारंजा. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं नाव ज्या कारागिरांमुळे झालं, त्यांच्या या गल्ल्या. शेवटी उतारावर सुंदरनारायणाचं मंदिर. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये ते बांधलं. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात, त्यामुळे त्या आठवड्यातली फेरी आम्ही उलटी धावतो. मंदिराशेजारी अहिल्यादेवी होळकर पूल, ज्याला जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. तिथून घाटाघाटाने पुन्हा पटांगण.

नाशिकला समुद्र नाही. मग तुमच्या माहितीत सोपारा, भडोच, वसई ही बंदरं सारखी का येतात?

हा प्रश्न कुणी विचारला की मला आनंद होतो, कारण या फेरीचा धागाच तो आहे.

नाशिकला समुद्र नाही, पण बंदरांचा माल देशावर चढायचा त्या वाटेवर नाशिक आहे. सोपारा आणि कल्याण ही कोकणपट्टीवरची बंदरं. तिथून थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट, चढून आलं की गोदावरीचं खोरं लागतं आणि नदीच्या काठाकाठाने वाट पैठणपर्यंत जाते. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात नाशिकचं नाव आहे. जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा या गावाची वस्ती इसवी सनाच्या कितीतरी आधीपासूनची असल्याचं मातीच्या थरांतूनच दिसलं.

सगळ्यात ठसठशीत पुरावा पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथे ब्राह्मीत आपली दानं कोरून ठेवली आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी. त्यात भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे आजचं मंदसौर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा इथे वाटसरूंसाठी निवारे बांधल्याचं लिहिलंय. यातलं गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचंही तो सांगतो. दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूकडचं पाणी, असं अभ्यासक मानतात. पायी निघालेल्या माणसाला रात्री छप्पर आणि नदीला नाव लागते, एवढा साधा विचार त्या दगडात आहे. मी तो पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा लेण्याच्या पडवीत बराच वेळ बसून राहिलो होतो.

त्याच लेण्यात पैशांचाही हिशेब आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले होते. त्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. करून पाहा : वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. हिशेब चोख आहे. म्हणजे आजच्या नाशिकच्या परिसरात तेव्हा विणकरांची इतकी भरवशाची संघटना होती की राजाचा जावई तिच्याकडे ठेव ठेवत होता. बंदराकडे जाणारी वाट जवळ असल्याशिवाय एवढा व्यापार उभा राहत नाही.

वसईचं नाव येतं ते नारोशंकराच्या घंटेमुळे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी देशावर आणल्या. त्यातली एक नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या या मंदिरावर आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. समुद्रकाठच्या चर्चची घंटा गोदावरीकाठच्या शिवमंदिरावर आली आणि गावाने ती इतकी आपली मानली की देवळाची ओळखच तिच्या नावाने झाली. मालेगावचा भुईकोट बांधणारे नारोशंकर तेच.

पांडवलेणी रविवारच्या फेरीत आहेत का?

नाहीत. लेणी गावापासून आठेक किलोमीटरवर आहेत आणि वाट मुंबई-आग्रा महामार्गाची. त्या रस्त्याने घोळका घेऊन धावणं आम्हाला सुरक्षित वाटत नाही. महिन्यातून एकदा पायथ्याला, दादासाहेब फाळके स्मारकापाशी जमतो आणि दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून जातो. लेणी २४ आहेत. आम्ही फक्त ३, १० आणि १७ दाखवतो. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, एका आईने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाबद्दल कोरवलेला. सतराव्यात इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान आहे. तो उत्तरेकडच्या दात्तामित्री गावचा, इथे येऊन लेणं कोरवून गेला. चोवीस लेणी पळत पाहण्यापेक्षा तीन नीट पाहावीत, हे माझं ठाम मत आहे.

रामकुंडावर तुम्ही धावत का नाही?

कारण तिथे लोक आपल्या माणसांना निरोप द्यायला आलेले असतात. देशभरातून अस्थी घेऊन लोक रामकुंडावर येतात. दशक्रिया चालू असते, कुणाचं मुंडण चालू असतं, कुणी नुसतंच पायरीवर बसलेलं असतं. सुरुवातीच्या काळात एकदा आमचा घोळका हसत-बोलत तिथून पळत गेला. एक आजोबा ओल्या अंगाने पिंड ठेवत होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत. ती नजर मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून नियम झाला : कपालेश्वराच्या पायऱ्यांपासून रामकुंड ओलांडेपर्यंत सगळे चालतात, मोबाईलवरची गाणी बंद, घड्याळ थांबवायचं, विधी करणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. हा नियम कुणासाठीही सैल करत नाही.

कुंडाबद्दल थोडं : ते १६९६ मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं, आणि पुढे पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी त्याची डागडुजी केली, असं गॅझेटियरची नोंद सांगते. पश्चिमेकडून आलेली गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते. अहिल्यादेवी होळकर पुलावरून ते वळण छान दिसतं.

काळाराम मंदिरासमोर इतका वेळ का थांबता? धावणाऱ्यांचं अंग गार पडतं.

पडू दे. आम्ही तिथे मुद्दाम दहा मिनिटं थांबतो. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकात रामशेजच्या काळ्या दगडात हे मंदिर बांधलं, हे दोन मिनिटांत सांगून होतं. उरलेली आठ मिनिटं २ मार्च १९३० साठी असतात. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं शिस्तीत मिरवणुकीने आली आणि दरवाजे बंद होते. नाशिकमध्ये त्याची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. रामाच्या रथयात्रेच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लढा १९३५ पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

हे रस्त्यावर उभं राहून, त्या दरवाजाकडे पाहत ऐकायचं असतं. नाशिकची ओळख करून देताना फक्त देवळांची शिल्पं सांगितली आणि ही पाच वर्षं वगळली तर ती अर्धवट ओळख होते. पाहुण्यांइतकीच नाशिककरांनाही ही गरज आहे. इथे जन्मलेल्या कितीतरी जणांना २ मार्च ही तारीख माहीत नसते.

सीतागुंफा, तपोवन हे सगळं खरं की आख्यायिका?

वाटाड्या जे सांगतो त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, म्हणून ‘नासिका’वरून नाशिक, ही परंपरा. तिच्यावर श्रद्धा असणाऱ्यांनी मनापासून नमस्कार करावा. मोगल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत आणि पेशव्यांच्या काळात नाशिक हे जुनं नाव परत रूढ झालं, हा इतिहास. ‘असं सांगतात’ आणि ‘अशी नोंद आहे’ हे दोन शब्दप्रयोग आम्ही काटेकोरपणे वापरतो. वाटाड्याने गल्लत केली तर तिथल्या तिथे टोका.

मी कधीच धावलेलो नाही. जमेल का?

सलग तीन किलोमीटर भरभर चालता येत असेल तर लहान फेरी जमेल. एक मिनिट धावा, एक मिनिट चाला. मागचा वाटाड्या तुमच्यासोबतच असतो, तुम्हाला कुणी मागे टाकून जात नाही. हृदयविकार, दमा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर उपाशीपोटी येऊ नका, खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवा आणि वाटाड्याला सांगून ठेवा. निघण्याआधी अर्धं केळं आणि घोटभर पाणी सगळ्यांनाच पुरतं.

बूट, कपडे?

बुटाच्या तळव्याला पकड हवी, बाकी कितीही साधा चालेल. घाटाच्या दगडावर शेवाळ असतं आणि झिजलेला तळवा तिथे हमखास घसरतो. माझा स्वतःचा गुडघा तसाच सोलला होता. गुडघ्यापर्यंतची पँट ठीक. फेरीत आपण देवळांच्या आत जात नाही. दर्शन घ्यायचं असेल तर नंतर निवांत, अंघोळ करून जा. जानेवारीत पहाटे हात गोठतात, तेव्हा हातमोजे आणा. नाशिकची थंडी पुण्या-मुंबईकरांच्या अंदाजापेक्षा जास्त असते.

पावसाळ्यात फेरी असते का?

असते, पण घाटावरून असेलच असं नाही. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. धरण भरलं की विसर्ग सुरू होतो आणि काही तासांत पात्रातले पूल पाण्याखाली जातात. किती हजार क्युसेक सोडलं हे बातम्यांत येतं, पण नाशिककर मोजतात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, हीच आमची मोजपट्टी. २००८, २०१६ आणि २०१९ ला नारोशंकराच्या मंदिरापर्यंत पाणी चढलेलं इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जुनी माणसं १९६९ च्या महापुराची आठवण काढतात.

आमचा नियम असा : शनिवारी संध्याकाळी विसर्ग चालू असेल तर रविवारी नदीकाठ पूर्ण वर्ज्य. फेरी गावठाणातून होते, तिवंधा, सरकारवाडा, विजयानंद थिएटर असा मार्ग. त्या थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुराचं पाणी बघायला म्हणून पायऱ्या उतरणाऱ्याला आम्ही पुन्हा फेरीला घेत नाही.

सिंहस्थाच्या काळात काय?

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर आणि रस्त्यांवर कामं चालतात, त्यामुळे मार्ग बदलतो. पर्वणीच्या आसपास फेरी नसते. तेव्हा त्या पायऱ्या लांबून आलेल्या भाविकांसाठी मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

बुधवारी येऊ शकतो. त्या दिवशी फेरी काढाल?

नाही. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. पहाटेपासून शेतकरी माल मांडायला लागतात, त्यांच्या पायात पायात करायचं नाही.

कुत्री मागे लागतात का?

बोळांत कधी कधी. धावणं थांबवा, चालायला लागा, हात वर करू नका. वाटाड्या पुढचं पाहतो.

मुलांना आणू का?

बारा वर्षांपुढच्या मुलांना आणा, सोबत घरचं मोठं माणूस हवं. मुलांसाठी थांब्यावर सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतची गोष्ट हमखास सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ते ऐकून पोरं पुढचा चढ न थांबता चढतात.

रंगपंचमीला फेरी आहे का?

त्या दिवशी सकाळी लहान फेरी असते आणि तिचा विषय एकच, रहाडी. जमिनीखालचे हे पेशवेकालीन दगडी हौद वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात. रंगपंचमीला उघडतात, रंगीत पाण्याने भरतात, आणि लोक त्यात धप्पकन उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा अशी धावत ओळख करून देतो आणि सकाळीच फेरी संपवतो. उड्या दुपारनंतर, तुमच्या हिमतीवर. एरवीच्या रविवारी याच चौकातून जाताना पायाखाली हौद आहे हे सांगितलं की पाहुणे थबकून खाली बघतात.

बाहेरगावहून येतो. स्टेशनवर उतरलो तर?

नाशिक रोड स्टेशन जुन्या गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. पहाटे रिक्षा मिळते, पण शेवटच्या क्षणावर ठेवू नका. शक्यतो आदल्या रात्री पंचवटीत किंवा रविवार कारंजाजवळ मुक्काम करा.

पैसे किती?

काही नाही. पाण्याची बाटली स्वतःची आणा, रिकामी परत न्या. नदीकाठी प्लास्टिक टाकायचं नाही. दिसलं तर उचलायचं, वाटाड्याकडे पिशवी असते.

नंतर खायचं काय?

रविवार आणि नाशिक म्हटल्यावर मिसळ. काळ्या मसाल्याची, सोबत पापड. गुलाबजलेबीच्या नादी लागू नका, आधी मिसळ आणि मग ताक. धावून आलेल्या पोटाला रस्सा बेताने घ्या, तिखट सोसत नसेल तर दही मागून घ्या. बिल ज्याचं त्याने द्यायचं. सराफ बाजारात सकाळी झेंडू आणि शेवंतीची पोती उतरत असतात, घरी जाताना तिथून फुलं घेऊन जा.